पेशवाईतला वाडा, धोकादायक नोटीस आणि अकरा सह्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कसबा पेठेत, शनिवारवाड्याच्या मागच्या अंगाला तुमचा दुचौकी वाडा आहे. आजोबा सांगत, तो पेशवाईतला, दोनशे वर्षांवरचा. मालमत्ता पत्रकावर अकरा नावं, पुढच्या चौकात तीन भाडेकरू, मागचा चौक जवळजवळ पडीक. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली. चुलतभावांना बिल्डर हवाय, तुम्हाला वाडा. म्हणून तुम्ही विचारताय, की वाड्याचं वय सिद्ध कसं करायचं, आणि हेरिटेज यादीत नाव गेलं तर वाडा वाचेल की आपलेच हात बांधले जातील?

तीस वर्षं मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतोय. अशा घरांतून पहिल्यांदा फोन येतो तेव्हा मी वय विचारत नाही. शनिवारवाड्याच्या तटापासून तुमच्या दिंडी दरवाजापर्यंत किती मीटर भरतात, ते विचारतो.

कारण असं, की शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. नियंत्रित क्षेत्रात परवानगी काढून नवं बांधता येतं. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम नाही आणि पुनर्बांधणीही नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभी असलेली इमारत असेल तर तिच्या दुरुस्तीसाठी आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो, एवढीच सवलत.

याचा अर्थ चुलतभावांना नीट समजावून सांगा. वाडा १०० मीटरच्या आत असेल आणि तो पाडला, तर खाली उरते मोकळी जागा. तिच्यावर इमारत उभी राहत नाही. त्या पट्ट्यात वाडा उभा आहे म्हणून जागेला किंमत आहे. बिल्डर हे अंतर तपासल्याशिवाय करार करत नाही. घरातली माणसंच शेवटी तपासतात. असं एक कुटुंब मी पाहिलंय. नोटीस आली म्हणून घाबरून त्यांनी माडी उतरवली, आणि आता पत्र्याच्या कुंपणाआड पार्किंगचं भाडं घेत बसलेत. अंतर डोळ्यांनी ठरवू नका. अधिकृत नकाशावर, तुमच्या सिटी सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून मोजून घ्या. चार-पाच मीटरनेही चित्र पालटतं.

आता नोटीस. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली ती आली असणार. ती आली म्हणजे वाडा पाडायचाच, असा समज पेठांमध्ये घट्ट बसलाय आणि काही जण तो मुद्दाम घट्ट बसवतात. धोकादायक इमारतींची वर्गवारी असते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे न हलता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ कामं. तुमच्या नोटिशीत कोणता वर्ग लिहिलाय आणि तो कशाच्या आधारावर, हे पहिलं वाचा. नुसतं बाहेरून पाहून लिहिलं असेल तर स्वतःचं स्ट्रक्चरल ऑडिट जोडून मुदतीत लेखी उत्तर द्या. गप्प बसणं सगळ्यात वाईट.

ऑडिट कोणाकडून करून घेता यावर निम्मा निकाल ठरतो. सिमेंट-काँक्रीटमध्ये आयुष्य गेलेला इंजिनिअर वाड्यात आला की मातीच्या भिंतीवर हातोडा मारून बघतो आणि ‘भिंतीत ताकद नाही’ असा शेरा लिहितो. अहो, नसणारच. वाड्याचा भार भिंतीवर नसतोच मुळी. तो सागवानी सांगाड्यावर असतो: तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर पाट, आणि त्यावर माती. भिंत बहुतेक ठिकाणी मधला भराव असते. त्यामुळे भिंतीला पोट आलं तरी सांगाडा ठणठणीत असू शकतो, आणि भिंत छान रंगवलेली असली तरी आत चिणलेल्या खांबाचा पाय कुजलेला असू शकतो. लाकूड जाणणारा माणूस आरी घेऊन येतो आणि खांबाच्या पायाशी, तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी आणि मोरीखालच्या कड्यांमध्ये ती टोचून बघतो. वाडे कुजतात ते याच तीन जागी.

मोरी हा शब्द मुद्दाम लिहिला. पेशवाईत माडीवर नळ नव्हता. कात्रजहून आणलेलं पाणी शहरातल्या हौदांत पडे, घरच्या आडाचं पाणी शेंदून वापरलं जाई आणि धुणंभांडी खालीच. घरोघरी नळ आल्यावर, भाडेकरू वाढल्यावर, प्रत्येक बिऱ्हाडाने वरच्या मजल्यावर कडीपाटाच्या डोक्यावर मोरी बांधली. मग गळती थांबेना म्हणून मोरीवर सिमेंट, त्यावर शहाबादी, पुढे टाइल्स. खाली लाकूड भिजतंय आणि वर वजन वाढतंय. मी पाहिलेल्या खचलेल्या तक्तपोशींपैकी (म्हणजे लाकडी छतांपैकी) निम्म्या तरी मोरीखालच्या आहेत. उरलेल्यांचं श्रेय फुटक्या कौलांना आणि तुंबलेल्या पन्हळींना.

आता वयाकडे येतो, कारण खरा रस तुम्हाला त्यात आहे आणि मलाही.

आजोबांचं म्हणणं खोटं मानू नका, पण जसंच्या तसं घेऊही नका. पुण्यात आज उभ्या असलेल्या वाड्यांपैकी बरेचसे पेशवाई संपल्यावरचे, म्हणजे १८१८ नंतरचे, किंवा नंतर मोठ्या प्रमाणावर बदललेले आहेत. लाकडी शहर होतं, आगी लागत. खुद्द शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचा मोठा भाग जळाला. त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी मातीच्या भिंती त्या पाण्यात विरघळल्या आणि त्यानंतर विटा-सिमेंटात भरल्या गेल्या. तेव्हा घराला एकच एक वय नसतं. आड एका काळातला, जोतं त्याच काळातलं, पुढची माडी पणजोबांची, मागची भिंत पुरानंतरची, असं असतं.

हे वाचायचं कसं? लाकडावर टॉर्च आडवी धरा. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासलेल्या तुळईवर उथळ, अनियमित खपल्या दिसतात. गिरणीत चिरलेल्या लाकडावर करवतीच्या चकतीच्या एकसारख्या वक्र रेघा. खिळा निघाला तर बघा. लोहाराने ठोकलेला चौकोनी की कारखान्यातला गोल तारेचा? विटा पातळ, पेशवाई घडणीच्या, की आजच्यासारख्या जाड? सुरूदार खांब, त्यावर केळफूल, महिरप, गणेशपट्टी हे सगळं असलं तरी त्यावरून लगेच ‘पेशवाई’ म्हणू नका. ती घडण सुतारांच्या हातात नंतरही कित्येक दशकं टिकून होती. उलट बिडाचे कठडे, लोखंडी तुळया, रंगीत काचा दिसल्या तर तो भाग इंग्रजी अमदानीतला, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

कौलं उलटी करून पाहा. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव आणि गाव छापलेलं असतं. ही कौलं १८६० च्या दशकात मंगलोरला बनू लागली, त्यामुळे ती ज्या छपरावर आहेत ते छप्पर त्यानंतर कधीतरी नव्याने घातलंय हे नक्की. त्याआधी नळीची कौलं असत. मागच्या चौकावर कुठे नळीचं कौल शिल्लक असेल तर ते जपून ठेवा.

एका फसवणुकीपासून सावध राहा. खांबाला किंवा तुळईला रिकाम्या खाचा दिसल्या, ज्यांत कोणतंच कुसू (सांध्यासाठी काढलेलं लाकडाचं टोक) बसत नाही, तर ते लाकूड दुसऱ्या वास्तूतून आलेलं आहे. साग महाग होता. जळलेल्या, पडलेल्या वाड्यांचा माल विकत घेऊन लोक घरं बांधत. म्हणजे लाकूड घरापेक्षा जुनं असू शकतं. (आजही हा धंदा चालू आहे. पेठेत वाडा उतरला की त्याचे खांब जुन्या बाजारातून कुठल्याशा फार्महाऊसच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहतात आणि यजमान पाहुण्यांना सांगतात, ‘पेशवाईतले हं!’)

घरात आत्या किंवा मोठी काकू असेल तर तिला हाताला धरून वाड्यातून फिरवा. पुरुषमंडळी दिवाणखान्याबद्दल बोलतात. बाळंतिणीची खोली कोणती, कोठीघरातून माजघरात उघडणारं दार कधी चिणलं, पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं, हे तिला ठाऊक असतं. माझ्या एका कामात चिणलेला जिना एका आजींच्या सांगण्यावरून सापडला. नकाशावर तो कुठेच नव्हता.

कागद. आधी मालमत्ता पत्रक, आणि तेवढ्यावर न थांबता नगर भूमापन कार्यालयातून जुन्या चौकशी नोंदवहीचा उतारा आणि सनद. पहिल्या चौकशीच्या वेळी घर कोणाच्या नावावर, कोणत्या हक्काने होतं ते तिथे कळतं. मग महापालिकेची घरपट्टीची जुनी आकारणी, माडी वाढवण्यासाठी कोणी परवानगी काढली असेल तर ती फाइल, आणि दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतं, गहाणखतं. गहाणखतं आवर्जून वाचा. कर्ज देणारा घराचं वर्णन बारकाईने लिहून घेतो, खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांच्या, संख्येसकट.

घरच्या ट्रंकेत मोडी कागद असतील तर वाळवी लागण्याआधी फोटो काढा आणि जाणकाराकडून वाचून घ्या. इथे तारखेत हमखास घोळ होतो. शक असेल तर ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी अंकवाचक शब्दांत. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर, हजार, ११७४. त्याला हिजरी समजलात तर चुकलात. सुहूर सनात साधारण ५९९ मिळवायचे, आणि सन मृगाला सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीनंतर ६००. म्हणजे हा कागद १७७३-७४ चा. घरात काही नसेल तर पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो, आणि सदाशिव पेठेतलं १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ. मात्र तिथे ‘आमच्या वाड्याचा कागद द्या’ म्हणून जाऊ नका. घराणं, पेठ, शेजारच्या घराण्यांची नावं आणि अंदाजे काळ घेऊन जा.

आता हेरिटेज यादी. महाराष्ट्रात या नियमांची सुरुवात १९९५ मध्ये मुंबईत झाली, आणि डिसेंबर २०२० पासून पुण्याला लागू असलेल्या यूडीसीपीआर या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही श्रेणींची तशीच चौकट आहे. श्रेणी एक म्हणजे राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाची वास्तू. तिथे मजबुतीच्या कामापलीकडे हात लावता येत नाही. श्रेणी दोन म्हणजे प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची. आतले बदल आणि नवा वापर चालतो, पण हेरिटेज समितीच्या नजरेखालून. श्रेणी तीन म्हणजे गल्लीचं, पेठेचं रूप घडवणारी. तिथे आतले-बाहेरचे बदल बऱ्यापैकी मोकळे असतात आणि मोडकळीस आलेल्या इमारतीच्या पुनर्बांधणीचीही वाट उघडी राहते (अर्थात शनिवारवाड्याच्या १०० मीटरच्या पट्ट्याबाहेर असेल तर). तुमच्या वर्णनावरून तुमचा वाडा तिसऱ्या श्रेणीत, फार तर दुसऱ्याच्या खालच्या अंगाला बसेल. म्हणजे ‘खिळाही ठोकता येणार नाही’ ही चुलतभावांची भीती पहिल्या श्रेणीची आहे, तुमच्या वाड्याची नाही.

पण तुमची आशाही जरा आवरा. यादीत नाव गेल्याने छप्पर शाकारलं जात नाही. निर्बंधांमुळे जे चटईक्षेत्र वापरता येत नाही त्याबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची तरतूद आहे, आणि दुरुस्तीचा पैसा उभा करायचा तो मुख्यतः त्यातून. त्यासाठी मालकी निर्विवाद लागते. अकरा नावांपैकी दोन वारलेली, एकाचे वारस परदेशात, एकाचा दिवाणी दावा चालू, अशा अवस्थेत फाइल हलत नाही. वारसनोंदी आधी पुऱ्या करा. हे रटाळ काम आहे. वर्षं जातात. वाडा वाचवण्यातला हाच सगळ्यात अवघड भाग आहे, चुना-सागवानाचं काम त्यापुढे सोपं.

आणि प्रस्तावात थोरामोठ्यांच्या दंतकथा घालू नका. ‘नाना फडणवीस इथे येत’ असं निम्म्या वाड्यांत सांगतात. पुरावा असेल तरच लिहा. घटनेचं महत्त्व आणि वास्तूचं महत्त्व या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्याहून मोठा इतिहास पुण्यात कोणत्या खासगी वाड्याला आहे? पण वर्षानुवर्षं खटला चालला, वाडा मोडकळीस आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारक उभारण्यासाठी तो पाडला गेला. उलट १८०७ चा विश्रामबागवाडा पहा. पेशवाई गेल्यावर १८२१ पासून तिथे संस्कृत पाठशाळा भरली, पुढे सरकारी कचेऱ्या आल्या, आगीनंतर दुरुस्ती झाली. कोणी ना कोणी रोज दार उघडत होतं, गळलं तर तक्रार करत होतं. तुमच्या मागच्या चौकाला पाहिजे आहे तो असा वापर. अभ्यासिका, कारागिराची जागा, चार खोल्यांचं अतिथीगृह, काहीही चालेल, पण कुलूप नको.

भाडेकरूंबद्दल लोक कुजबुजत विचारतात, म्हणून उघडच लिहितो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली, आणि १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाल्यावर वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली. मूळ भाडं पंधरा-वीस रुपये असेल तर चार टक्क्यांनी काय होणार! दुरुस्तीची जबाबदारी मात्र मालकाचीच. मालकाने ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, तोही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. तेवढ्यात दोन कौलंही येत नाहीत. वाड्यांची दैना या हिशेबातून झाली. त्यात मालक दुष्ट किंवा भाडेकरू लबाड असण्याची गरज नव्हती. वाडा पाडला की भाडेकरू आपोआप सुटतात, असं चुलतभावांना कोणी सांगितलं असेल तर तेही चूक. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिलेला आहे. तिन्ही बिऱ्हाडांना एकत्र बसवा. छपराच्या खर्चात वाटा घेऊन राहायची त्यांची बहुधा तयारी असते, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

हे सगळं वाचून सुरुवात कुठून करू असं वाटत असेल, तर वाड्याच्या मोजणीपासून करा. जमीन मोजणारी मोजणी वेगळी. इथे प्रत्येक खण, प्रत्येक खांब, प्रत्येक मजल्याचा छेद, दारं-खिडक्या, लाकडाची अवस्था, सगळं कागदावर. प्रत्येक खांबाला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाचा तारखेसह फोटो. कोणत्या बिऱ्हाडाकडे किती चौरस फूट आहे तेही त्यातच. नोटिशीच्या उत्तराला हेच नकाशे लागतात. पुरातत्त्वाच्या परवानगीला, हेरिटेज समितीला, टीडीआरच्या हिशेबाला, भाडेकरूंच्या क्षेत्राला आणि भावांच्या वाटपालाही हेच. भावांमध्ये एकमत नसलं तरी मोजणीला सहसा कोणी हरकत घेत नाही, हा त्यातला आणखी एक फायदा.

मोजणी चालू असताना चार कामं थांबवू नका. मागच्या चौकात लाकडी टेके द्या, पण ते थेट तक्तपोशीला न लावता तुळईखाली द्या. माडीवरच्या मोऱ्या बंद करून नळ खाली आणा. कडीपाटावर साठलेले फरश्यांचे जादा थर उतरवा. आणि कुठेही सिमेंटचा गिलावा करू देऊ नका, कितीही स्वस्त पडला तरी. मातीची, चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटने ती आत कोंडते आणि आतला खांब कुजतो. चुना दळायच्या घाणीत मळलेला चुना आज दुर्मीळ आहे, पण मिळतो. कुजलेल्या खांबासाठी अख्खा खांब बदलायला सांगणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवा. पायाचा कुजका हात-दीड हात कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा सांधता येतो, आणि सुतार चांगला असेल तर तो सांधा वरच्या नक्षीला धक्काही लावत नाही.

रोहिणी लागायच्या आत छप्पर उतरवून परत शाकारून घ्या. कौलं उतरवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, की पाठीवर शिक्का असलेलं प्रत्येक कौल वेगळं रचायचं. मला त्या शिक्क्यांचे फोटो पाठवा. पुढच्या आणि मागच्या चौकावर वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं निघाली, तर तुमच्या पणजोबांनी वाड्याचा कोणता भाग नंतर बांधला, याचा बराचसा अंदाज आपल्याला तिथेच येईल.